जेवणानंतरची पंधरा मिनिटे

दोन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात आमच्या बँकेत कर्मचाऱ्यांची वार्षिक आरोग्य तपासणी झाली. आठवड्याभराने अहवाल हातात पडला, तेव्हा त्यातले तीन आकडे ठळक अक्षरांत छापलेले होते: उपाशीपोटीची साखर ११२, एचबीए१सी ६.१ आणि रक्तदाब १३८/८८. माझे वय तेव्हा एकोणपन्नास होते, वजन अठ्ठावन्न किलो आणि उंची पाच फूट एक इंच. आजवर मला कोणी जाड म्हटले नव्हते. उलट, कोणाच्या वाढदिवसाचे पेढे वाटले जात असताना शेजारच्या टेबलावरची मैत्रीण "तू दोन घे गं, तुला काय होतंय" असे हक्काने म्हणायची. त्यामुळे नमुन्यांची अदलाबदल झाली असावी, असे मला प्रामाणिकपणे वाटले. दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा रक्त दिले. साखर ११० आली आणि एचबीए१सी पुन्हा ६.१ आले.

आमच्या डॉक्टरांनी दोन्ही कागद समोर ठेवून शांतपणे समजावून सांगितले. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५च्या दरम्यान असेल किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल, तर ती मधुमेहाच्या आधीची पायरी समजतात, ६.५ आणि त्यापुढे मधुमेह धरतात. एचबीए१सी म्हणजे रक्तातल्या किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे त्याचे माप. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगत असल्याने हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांची हकिकत सांगतो, आणि आदल्या दिवशी गोड टाळून त्यात काही फरक पडत नाही. "औषध आज नको," ते म्हणाले, "पण या पायरीवरून खाली उतरता येतं, तसंच वरही जाता येतं. काय करायचं ते तुमच्याच हातात आहे."

मला घाबरायला एवढे पुरेसे होते, कारण वरच्या पायऱ्या मी घरात पाहिल्या आहेत. माझ्या वडिलांना, नानांना, मधुमेह असल्याचे कळले तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते आणि तोही किती वर्षे अंगात मुरलेला होता कोणास ठाऊक. शेवटच्या काळात त्यांच्या उजव्या टाचेला एक जखम झाली होती. चपलेचा खिळा टोचत असूनही त्यांना तो जाणवला नव्हता, कारण पायाची संवेदनाच गेली होती. रोज संध्याकाळी मी सलाइनने ती जखम धुऊन नवी पट्टी बांधायची, आणि त्या वेळी नाना वर्तमानपत्र वाचत असायचे. मी जखमेच्या कडेला कापूस लावत असतानाही त्यांचा पाय जराही हलायचा नाही. दुखत नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकावा, की दुखत नाही म्हणूनच घाबरावे, हे मला तेव्हा कळायचे नाही. आता कळते.

बारीक माणसाला साखर कशी, या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला कळले की त्यावर आपल्या पुण्यातच फार मोलाचे काम झाले आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा म्हणजे २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकाच रांगेत उभे करत होता, पण आतली घडण वेगळी होती. पुण्याजवळच्या गावांमधल्या नवजात बाळांच्या अभ्यासातही त्यांना हेच दिसले, की आपली बाळे वजनाने कमी असतात, पण कमी पडतात ती मुख्यत्वे स्नायूंत, चरबीत तेवढी नाही. हे वाचल्यावर मी शिवणकामाच्या डब्यातला टेप काढला आणि पोटाचा घेर मोजला. तो ८६ सेंटीमीटर भरला. भारतीय स्त्रियांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० ही मर्यादा मानतात. वजनाचा काटा इतकी वर्षे जे सांगत नव्हता, ते त्या टेपने एका मिनिटात सांगितले. माझी वाचकांना पहिली विनंती हीच आहे की घरातल्या बारीक माणसांनीही हा टेप एकदा लावून पाहावा.

त्यानंतरचा महिना मी जे केले, ते आज पुन्हा कोणाला करायला सांगणार नाही. साखर पूर्ण बंद केली, भात बंद केला, पहाटे पाचचा गजर लावला, जिममध्ये वर्षाचे पैसे भरले, रात्री नुसते सूप घेऊ लागले. एकाच सोमवारी सगळे सुरू केले, आणि गणपतीत पाहुणे आले तेव्हा सगळे एकदमच मोडले. यात माझ्या जिद्दीचा दोष होता असे मला वाटत नाही. सकाळी डबे, त्यानंतर बँक, संध्याकाळी भाजी, रात्री ओटा आवरणे, असा ज्या बाईचा दिवस आधीच शिगोशीग भरलेला आहे, तिच्या दिवसात नवा तास कुठून येणार? वेगळा वेळ, वेगळे कपडे, वेगळा स्वयंपाक मागणारी सवय आमच्यासारख्या घरात टिकत नाही. ती टिकते केव्हा, तर आधीपासून रोज होतच असलेल्या एखाद्या गोष्टीच्या पदराला तिची गाठ मारली तर. माझ्या बाबतीत ही गाठ माझ्या सासूबाईंनी मारून दिली.

आईंचे वय तेव्हा शहात्तर होते. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले. रात्रीचे जेवण झाले, की हात धुऊन अंगणातून गोठ्यापर्यंत चार-सहा फेऱ्या मारायच्या, हा त्यांच्या घरचा परिपाठ होता. कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर आल्यापासून तो सुटला होता. गौरी-गणपती झाल्यावरच्या एका रात्री मी ओटा पुसून, हताश होऊन सोफ्यावर आडवी झाले होते. आई पायांत चपला अडकवून दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, जेवल्या जेवल्या आडवं काय व्हायचं? चल खाली, शतपावली घालू." मी घरातल्याच कपड्यांत, ओला हात पदराला पुसत उठले. फाटकापासून कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत आणि परत, अशा दोन फेऱ्या आम्ही मारल्या. घड्याळात पाहिले तर पंधरा मिनिटे झाली होती. त्या रात्री कोणताही संकल्प केला नव्हता, म्हणूनच बहुधा दुसऱ्या रात्री आम्ही पुन्हा उतरलो.

शतपावली हा शब्द आपण इतका सहज वापरतो, की त्यातला व्यवहार आपल्या लक्षातच येत नाही. जेवणानंतर शंभर पावले. कोणी किलोमीटर सांगितले नाहीत, वेग सांगितला नाही, विशिष्ट बूट सांगितले नाहीत. वेळ मात्र नेमकी सांगितली आहे, आणि आजचे शरीरशास्त्रही त्याच वेळेकडे बोट दाखवते. जेवायला बसल्यापासून साधारण तासाभरात रक्तातली साखर सर्वांत वर चढते. त्या वेळेस पायांचे स्नायू काम करत असतील, तर ते रक्तातली साखर थेट ओढून घेतात. आकुंचन पावणाऱ्या स्नायूला त्यासाठी इन्शुलिनची वाट फारशी पाहावी लागत नाही. ज्यांच्या शरीरात इन्शुलिन आहे पण त्याला दाद मिळत नाही, अशा माझ्यासारख्या माणसांना हा मागचा दरवाजा फार उपयोगी पडतो. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने २०१६ साली मधुमेह असलेल्या ४१ जणांवर केलेला एक अभ्यास मला विशेष वाटतो. दिवसातून एकदा तीस मिनिटे चालणे आणि प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा मिनिटे चालणे, अशी त्यात तुलना होती. चालण्याचा एकूण वेळ तेवढाच, पण जेवणानंतर वाटून घेतला तेव्हा जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. रात्रीच का, तर त्या जेवणात पिष्ट पदार्थ जास्त होते आणि नंतर माणसे बसून राहत होती. आपल्याकडे वेगळे काय असते?

घरात साखर मोजायचे यंत्र होतेच, म्हणून मी माझ्यापुरते पडताळून पाहिले. दोन लागोपाठच्या रात्री ठरवून तेच जेवण घेतले: दोन पोळ्या, वाटीभर मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर आणि वाटीभर आमटी-भात. पहिल्या रात्री जेवून टीव्हीसमोर बसले आणि जेवण सुरू केल्यापासून बरोबर तासाने बोट टोचले, तेव्हा १७१ आले. दुसऱ्या रात्री जेवणानंतर दहा मिनिटांनी खाली उतरून पंधरा मिनिटे चालले आणि त्याच हिशोबाने मोजले, तेव्हा १४२ आले. एका माणसाच्या दोन रात्रींवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. घरच्या यंत्रात थोडा फरक धरावाच लागतो. पण त्या पट्टीवरचे दोन आकडे शेजारीशेजारी वहीत लिहिल्यावर मला पुन्हा कोणी खाली चल म्हणून सांगावे लागले नाही. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे, त्यांनी मात्र चालण्यात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारावे, कारण त्यांची साखर प्रमाणाबाहेर खाली जाऊ शकते.

शतपावलीने व्यायामाची सगळी गरज भागते, असा माझा दावा नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते, आणि मध्यम म्हणजे बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतपत श्वास वाढला पाहिजे. म्हणून मी बँकेत जाताना एक थांबा आधी उतरते आणि तिथून झपाझप चालते. रविवारी आम्ही दोघे वेताळ टेकडीवर जातो. त्याशिवाय आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे आणि भिंतीला हात टेकून जोर काढणे, एवढे स्नायूंसाठी करते. हे सगळे मागाहून, एकेक करून आले. शतपावली पक्की झाली नसती तर यांतले काहीही आले नसते.

आता मिठाविषयी लिहिते, कारण त्याने मला सर्वांत जास्त चकित केले. रक्तदाबाचे कळल्यावर डॉक्टरांनी विचारले, "मीठ किती खाता?" मी म्हणाले, "आमच्याकडे बेताचंच असतं." सगळ्याच घरांत हेच उत्तर दिले जात असेल. त्यांनी एक सोपा उपाय सांगितला: मिठाची नवी पिशवी फोडाल तेव्हा तारीख लिहून ठेवा. मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने तारीख लिहिली. एक किलोची पिशवी सव्विसाव्या दिवशी संपली. घरात आम्ही चौघे. एक हजार ग्रॅमला एकशे चाराने भागले, तर माणशी रोज साडेनऊ ग्रॅमहून जास्त मीठ पडले. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा रोज पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याएवढी आहे. आणि यात बाहेरून आणलेले फरसाण, पापड, ब्रेड, मुलाने मागवलेले जेवण यांतले मीठ धरलेलेच नाही.

मग मी आमच्या ताटाकडे नीट पाहिले. मराठी ताटाची डावी बाजू हा आपल्या पूर्वजांनी फार विचाराने आखलेला भाग आहे, असे मला वाटते. मीठ, लिंबू, चटणी, लोणचे आणि कोशिंबीर डावीकडे वाढायची पद्धत आहे. त्यांत मीठ चिमटीएवढे, लोणच्याची एखादी फोड, चटणी सुपारीएवढी. तोंडी लावणे या शब्दातच त्याचे माप आहे. आमच्या घरात मात्र काळाच्या ओघात डावीकडचे प्रमाण फिरले होते. लोणच्याची बरणी टेबलावर उघडीच असायची आणि ज्याला हवे तितके तो घ्यायचा. शेंगदाण्याची चटणी चमच्याने भुरभुरली जायची. आणि कोशिंबीर, जी खरे तर डावीकडची सर्वांत भरघोस गोष्ट असायला हवी, ती करायला वेळ नाही म्हणून आठवड्यातून चार दिवस गायब असायची. मी काहीही बंद केले नाही. लोणचे बरणीऐवजी छोट्या वाटीतून टेबलावर येऊ लागले, पापड रोजच्या ऐवजी सणावारी, आणि कोशिंबिरीला दाण्याचे कूट, लिंबू आणि हिरवी मिरची भरपूर घालून मीठ अगदी वाढायच्या वेळी घालू लागले. आधी घातलेले मीठ काकडीच्या पाण्यात उतरते आणि मग चव येत नाही म्हणून आपण आणखी घालतो. पोळीच्या कणकेत आणि भातात मीठ घालायचे पूर्ण सोडले. भाकरीत तसेही आमच्याकडे नसायचेच.

पहिले दहा-पंधरा दिवस यांनी जेवताना मीठ मागितले. मी वाद घातला नाही, मीठदाणी पुढे केली, पण ती स्वयंपाकघरातून उठून आणावी लागेल अशा ठिकाणी ठेवली. महिन्याभराने ती आणण्यासाठी कोणी उठेनासे झाले. जिभेला खारटपणाची सवय असते आणि ती सवय काही आठवड्यांत बदलते, हे मी माझ्याच घरात पाहिले. आता बाहेरची भाजी सगळ्यांनाच खारट लागते. कपाटाच्या दारावरच्या शेवटच्या नोंदीप्रमाणे एक किलोची पिशवी एक्केचाळीस दिवस पुरली, म्हणजे माणशी सहा ग्रॅमच्या थोडे वर. अजून पाचाच्या आत आलेलो नाही.

इथे दोन गैरसमज मला आवर्जून दूर करायचे आहेत, कारण नातेवाइकांच्या गटांवर ते रोज फिरत असतात. सैंधव मीठ रक्तदाबाला चालते, हा पहिला. सैंधव असो की साधे, दोन्ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहेत. रंग गुलाबी असल्याने सोडियम कमी होत नाही, आणि साध्या पिशवीतल्या मिठात जे आयोडीन मुद्दाम घातलेले असते, ते मात्र सैंधवात बहुधा नसते. बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठ कोणालाही चालते, हा दुसरा. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेले असते. अनेकांना ते उपयोगी आहे, पण ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू आहेत, त्यांच्या रक्तात पोटॅशियम साठून हृदयाला धोका होऊ शकतो. आईंच्या गोळ्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी आम्हाला नको म्हणूनच सांगितले.

चहाचे थोडक्यात सांगते. दिवसाला चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे साधारण बत्तीस ग्रॅम साखर मी नुसत्या चहातून घेत होते, आणि दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहावे असे तज्ज्ञ म्हणतात. एकदम बिनसाखरेचा चहा मला दोनदा जमला नाही. तिसऱ्या वेळी दर पंधरवड्याला पाव चमचा कमी करत गेले. आता दोन कप आणि अर्धा-अर्धा चमचा इथवर आले आहे, आणि सकाळच्या त्या पहिल्या कपातला आनंद तसूभरही कमी झालेला नाही.

जेवणाच्या वेळेचा बदल सर्वांत अवघड गेला, कारण तो एकटीचा नव्हता. आम्ही साडेनऊला जेवायचो, कारण मुलगा नऊला यायचा आणि सगळ्यांनी एकत्र जेवावे असा आमचा आग्रह होता. तो आग्रह सोडवेना. शेवटी असे ठरले की आठ वाजता आम्ही तिघे जेवायचे आणि मुलगा आला की त्याला वाढताना सगळ्यांनी टेबलाशी बसायचे. बोलणे एकत्र होते, जेवण वेगळे होते. ताटात आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी किंवा पोळी आणि भात सर्वांत शेवटी, असा क्रमही आता अंगवळणी पडला आहे. पिष्ट पदार्थांआधी भाजी आणि डाळ पोटात गेली तर साखर सावकाश चढते. ज्वारीच्या भाकरीविषयी मला मनापासून प्रेम आहे, तीत तंतू चांगले असतात आणि पोट भरल्याची जाणीव लवकर होते. पण ज्वारी आहे म्हणून चार भाकरी खाल्ल्या तर साखर वाढणारच, हेही मी यंत्रावर पाहिले आहे. लवकर जेवल्याने झोपेची वेळही आपोआप अकरावर आली. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून झोपायला जाते. सात तास झोप मिळालेल्या दिवशी दुपारी चारला बिस्किटांच्या डब्याकडे हात जात नाही, हा माझा अनुभव आहे.

बँकेतल्या बसण्याबद्दलही लिहायला हवे. १९५३ साली जेरी मॉरिस नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या चालक आणि वाहकांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. एकाच गाडीवर, एकाच शहरात काम करणारी ही माणसे. फरक इतकाच की चालक दिवसभर बसून असायचा आणि वाहक दिवसभर जिने चढत-उतरत असायचा. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी निघाले. आमच्या शाखेतले शिपाई मामा साठीच्या उंबरठ्यावर आहेत, फायली घेऊन दिवसभर दोन मजले करतात आणि त्यांची साखर आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली आहे; त्यांच्याकडे पाहून मला हा अभ्यास नेहमी आठवतो. आता वरच्या मजल्यावरचे कागद मी स्वतः नेऊन देते आणि पाण्याची बाटली टेबलावर न ठेवता दर तासाला उठून पेला भरून पिते.

रक्तदाब घरी मोजताना आम्ही कितीतरी चुका करत होतो, त्या सांगून ठेवते, कारण चुकीच्या आकड्यावर माणूस उगाच घाबरतो किंवा उगाच निर्धास्त राहतो. जिना चढून आल्या आल्या मोजायचे नाही. आधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको, आणि लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. पट्टा बाहीवरून न बांधता उघड्या दंडावर बांधावा, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला असावा, आणि मोजताना बोलू नये. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. आई मोजताना हमखास बोलायच्या आणि त्यांचा आकडा दहा-बारांनी वाढायचा. आता त्या डोळे मिटून बसतात.

सहा महिन्यांनी माझे एचबीए१सी ५.९ आले, आणि या श्रावणात ५.८. उपाशीपोटीची साखर १०१ आहे, रक्तदाब १२४/८० आणि पोटाचा घेर ८१ सेंटीमीटर. वजन फक्त तीन किलोंनी उतरले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की मी अजून त्याच पायरीवर आहे, फक्त तिच्या खालच्या कडेला. एवढ्याने काय होते, असे कोणी म्हणेल, म्हणून सांगते: चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने अशाच पायरीवरच्या भारतीयांना जवळजवळ तीन वर्षे आहार-विहार बदलायला लावून पाहिले. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झाले, आणि केवळ मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी घेणाऱ्यांमध्ये २६.४ टक्क्यांनी. २००६ साली हे प्रसिद्ध झाले. म्हणजे गोळी जे काम करते, जवळपास तेच काम रोजच्या सवयींनी होऊ शकते. सगळ्यांनाच ते साधते असे नाही. नानांना वेळेवर कळले असते तरी कदाचित पुढे औषध लागलेच असते, आणि औषध लागणे हा काही गुन्हा नाही. पण त्यांच्या टाचेला ती पट्टी बांधायची वेळ येण्याच्या वीस वर्षे आधी मला जर कोणी सांगितले असते की रोज रात्री नानांबरोबर पंधरा मिनिटे चालायला जा, तर मी गेले असते.

गेल्या हिवाळ्यात आईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, तेव्हा काही दिवस त्या खाली उतरत नव्हत्या. मी एकटी जाणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी यांना टीव्हीसमोरून उठवले आणि स्वतः काळा चष्मा लावून गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या. आम्ही फाटकाशी परत आलो की वरून "एक झाली," असा आवाज यायचा. आता त्या पुन्हा आमच्याबरोबर येतात आणि हेही यायचे थांबले नाहीत. परवा पावसाची झड लागली होती, म्हणून आम्ही तिघे इमारतीच्या पार्किंगमध्येच स्कूटरांच्या रांगेमधून फेऱ्या मारत होतो. आईंनी मिटलेली छत्री काठीसारखी धरली होती. मला वाटले, पुरे झाले, आणि मी जिन्याकडे वळले, तेव्हा मागून त्या म्हणाल्या, "अगं, अजून एक राहिली आहे."